समुद्रात सरळ रेषा

जलतरण तलावाच्या तळाशी, प्रत्येक लेनच्या मधोमध, एक काळी पट्टी असते. स्पर्धेच्या तलावात तिची रुंदी २० ते ३० सेंटीमीटर असते आणि भिंतीच्या २ मीटर अलीकडे ती एका आडव्या पट्टीने संपते, त्यामुळे भिंत जवळ आल्याचे पोहणाऱ्याला मान वर न करता कळते. लेन अडीच मीटर रुंद असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना तरंगते दोर ताणलेले असतात. तलावात पोहणारा माणूस या पट्टीवर नजर ठेवून हजारो मीटर कापतो आणि आपण सरळ पोहतो याविषयी त्याच्या मनात कधी शंकाही येत नाही. खरे तर ती पट्टीच त्याला सरळ ठेवत असते. हाताच्या प्रत्येक फटक्याबरोबर शरीर थोडे बाजूला सरकते, डोळ्याला पट्टी सरकलेली दिसते आणि पुढच्या फटक्यात तेवढी दुरुस्ती आपोआप होऊन जाते. हा सगळा व्यवहार नकळत चालतो, म्हणूनच तो किती मोठा आहे हे पट्टी नसलेल्या पाण्यात उतरेपर्यंत उमगत नाही.

पोहणे, सायकल आणि धावणे एकापाठोपाठ करायच्या ट्रायथलॉनमधली नावाजलेली शर्यत मात्र जन्मापासूनच पट्टी नसलेल्या पाण्याची आहे. १९७८ साली हवाई बेटांवर पहिली आयर्नमॅन शर्यत झाली, तेव्हा तिच्यातला पोहण्याचा टप्पा तिथल्या वायकिकी रफवॉटर स्विम या सागरी शर्यतीवरून घेतला गेला आणि आजचे ३.८ किलोमीटरचे अंतर तिथूनच आले. त्याच्या निम्म्या अंतराच्या, ७०.३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शर्यतीत १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर धावणे असते. ही शर्यत २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा झाली आणि तेव्हापासून महाराष्ट्रातल्या कितीतरी हौशी खेळाडूंना समुद्रात पोहायला शिकणे भाग पडले. मीही त्यांच्यातलीच एक. पोहायला शिकले पुण्यातल्या तलावात, पण आजोळ मालवणचे असल्यामुळे समुद्राचा सराव मात्र चिवल्याच्या किनाऱ्यावर करता आला, जिथे दर वर्षी डिसेंबरच्या सुमारास राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते आणि राज्यभरातली लहान-मोठी मुले वेगवेगळ्या अंतरांच्या गटांत समुद्रात उतरतात.

सरळ न पोहण्याची किंमत आधी आकड्यांत पाहू, कारण ती सर्वत्र सारखी नसते आणि नेमकी हीच गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. समजा १.९ किलोमीटरच्या मार्गावर एखादा पोहणारा खऱ्या दिशेच्या एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे, प्रत्येक वेळी १० अंशांनी वळत नागमोडी गेला. त्याला फक्त सुमारे २९ मीटर जास्त पोहावे लागेल. १०० मीटरला दोन मिनिटे हा वेग धरला, तर जेमतेम अर्ध्या मिनिटाचा फरक. तोच कोन २० अंश झाला, तर जादा अंतर सुमारे १२२ मीटर होते आणि ३० अंश झाला तर ते २९० मीटरच्या पुढे जाते, म्हणजे जवळजवळ सहा मिनिटे. कोन तिप्पट झाला आणि भुर्दंड दहापट. याचा अर्थ असा की लहान चुका समुद्र जवळजवळ माफ करतो आणि मोठ्या चुकांची वसुली मात्र सव्याज करतो. तेव्हा पट्टीवर पोहल्यासारखे काटेकोर पोहण्याचा अट्टहास धरण्यात अर्थ नाही. चूक लहान असतानाच हेरायची आणि तिथेच मोडून काढायची, हे साधले की पुष्कळ झाले. समुद्रातल्या पोहण्याचे माझे सगळे शिक्षण या एका गोष्टीभोवती फिरले आहे, आणि वेग वाढवण्यावर महिनोन् महिने घालवणाऱ्या माझ्या सोबत्यांना मी हेच कळकळीने सांगत असते.

माणूस मुळात सरळ जाण्यासाठी घडलेलाच नाही, असे वाटावे इतका भक्कम पुरावा जमिनीवर मिळालेला आहे. २००९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगन इथल्या माक्स प्लांक संस्थेत यान साऊमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काही माणसांना जर्मनीतल्या एका मोठ्या सपाट जंगलात, काहींना ट्युनिशियाच्या वाळवंटात सोडले आणि एकाच दिशेने चालत राहायला सांगितले. सूर्य दिसत होता तोवर माणसे बऱ्यापैकी सरळ गेली. आभाळ झाकोळलेले होते तेव्हा जंगलातली माणसे गोल गोल फिरून स्वतःचीच वाट पुन्हा ओलांडू लागली, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या माणसांची वर्तुळे तर कधी कधी २० मीटर व्यासाइतकी लहान भरली. एक पाय दुसऱ्यापेक्षा लांब किंवा जास्त जोरकस असल्यामुळे असे होते, हा सर्वसाधारण समज त्या प्रयोगात टिकला नाही, कारण तोच माणूस कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत होता. समोर म्हणजे नेमके कुठे, याची आतली जाणीवच पावलागणिक थोडी थोडी भरकटत जाते आणि बाहेरची खूण नसेल तर ती भरकट साठत जाते, असा त्यांचा निष्कर्ष होता.

पाण्यात याच्या जोडीला शरीराचा डावे-उजवेपणाही येतो. जमिनीवर प्रत्येक पाऊल घट्ट टेकते. पाण्यात टेकायला काही नसते, आणि एका हाताने दुसऱ्यापेक्षा किंचित वेगळ्या दिशेने पाणी ढकलले तरी शरीर बाजूला वळते. म्हणून मी हे शिक्षण दोन ठिकाणी वाटून घेतले. कोकणचा समुद्र पावसाळ्यात बंद असतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण केल्यानंतरही पाणी निवळायला, लाटा बसायला वेळ लागतो. ते महिने तलावात शरीर सरळ करण्यासाठी आहेत, असे मी मानते.

तलावातली पहिली परीक्षा सोपी आणि फार बोलकी आहे. लेनमध्ये दुसरे कोणी नाही याची खात्री करून, मधोमध उभे राहून, डोळे मिटून नेहमीच्या गतीने दहा-पंधरा फटके पोहायचे आणि कोणत्या बाजूचा दोर अंगाला लागतो ते पाहायचे. तोच प्रयोग उलट दिशेनेही करायचा. दर वेळी एकाच हाताकडचा दोर लागत असेल, तर कारण फटक्यात आहे. मला दर वेळी डावा दोर लागत असे. आमच्या कोचनी मोबाईलवर समोरून चित्रीकरण करून दाखवले, तेव्हा कारण स्वच्छ दिसले. मी उजवीकडे तोंड करून श्वास घेत असताना पुढे गेलेला डावा हात डोक्यासमोरून मध्यरेषा ओलांडून उजव्या बाजूला पडत होता आणि तिथून परत येताना पाणी बाहेरच्या अंगाला ढकलत होता. कंबर त्याच्या विरुद्ध दिशेला फेकली जात होती, पाय उघडत होते, आणि पुन्हा सावरण्यासाठी उजव्या हाताचा फटका रुंद होत होता. श्वास घेण्याच्या एका क्षणात किती गोष्टी एकमेकींना धक्का देतात, ते त्या चित्रीकरणात थांबवून थांबवून पाहिले. डावीकडे वळणे हा त्या सगळ्याचा शेवटचा हिशोब होता.

यावर उपाय म्हणजे दोन्ही हात आपापल्या खांद्यासमोर, रेल्वेच्या दोन रुळांवर पडावेत तसे, पाण्यात उतरवायचे. हे लिहायला जितके सोपे तितकेच करायला अवघड, कारण अनेक वर्षांच्या सवयीमुळे मध्यरेषेवर पडणारा हातच आपल्याला सरळ वाटतो. हात योग्य जागी पडू लागला की सुरुवातीला तो फार बाहेर, अगदी तिरका पडतो आहे असे वाटते. ही अवघडलेली भावना हेच दुरुस्ती योग्य होत असल्याचे लक्षण आहे, असे कोच म्हणत आणि त्यावर विश्वास ठेवण्यापलीकडे मार्ग नसे. एका कुशीवर, खालचा हात पुढे लांब ठेवून फक्त पायांनी जात राहण्याचा सराव त्यात सर्वांत उपयोगी पडला. त्यात हात जरा जरी आत वळला तरी शरीर लगेच वळते, त्यामुळे कोणी सांगायची गरज उरत नाही.

दोन्ही बाजूंनी श्वास घेण्याविषयी मात्र माझे मत अनेक प्रशिक्षकांपेक्षा थोडे वेगळे आहे. दर तिसऱ्या फटक्याला बाजू बदलून श्वास घ्या, म्हणजे फटका दोन्हीकडे सारखा होईल, असे बहुतेक ठिकाणी शिकवले जाते. तलावात ते उत्तम आहे. पण समुद्रात, दम लागलेला असताना, तीन फटक्यांपर्यंत श्वास लांबवणे मला योग्य वाटत नाही. तिथे दर दुसऱ्या फटक्याला हवा लागते. दोन्ही बाजूंनी श्वास घेता येणे आवश्यक आहे, कारण लाट डावीकडून येत असेल तर तोंड उजवीकडे वळवता आले पाहिजे आणि सूर्य उजवीकडे असेल तर डावीकडे. ज्या बाजूला पाणी आणि उजेड सोयीचा, त्या बाजूला श्वास घ्यावा आणि तरीही हात आपल्या रुळावरून हलू नये, एवढे साधले की बाजू बदलण्याचे गणित मोजत बसण्याचे कारण नाही.

शरीर कितीही समतोल झाले तरी साऊमन यांच्या प्रयोगातली ती आतली भरकट उरतेच. तिच्यावर उपाय एकच, मान वर करून समोर पाहणे. ट्रायथलॉन करणारे याला सायटिंग म्हणतात. हे पाहणे फुकट नसते. डोके वर आले की कंबर आणि पाय खाली जातात आणि पुढचे दोन-तीन फटके त्यांना पुन्हा वर आणण्यात खर्ची पडतात. त्यामुळे कसे पाहायचे हे किती वेळा पाहायचे यापेक्षा जास्त महत्त्वाचे आहे. पुढचा हात पाण्यात ताणलेला असताना त्या हाताचा तळवा किंचित खाली दाबायचा, त्या आधारावर कपाळ वर येऊ द्यायचे आणि फक्त गॉगलच्या काचा पाण्याबाहेर येतील इतकेच वर यायचे, तोंड पाण्यातच ठेवायचे. मगर जसे डोळे वर काढते तेवढेच, आणि प्रशिक्षकही हीच उपमा देतात. एक नजर टाकायची, लगेच डोके बाजूला वळवून नेहमीसारखा श्वास घ्यायचा आणि पुन्हा पाण्यात शिरायचे. समोर पाहतानाच श्वास घेण्याचा मोह फार होतो, पण त्यासाठी आख्खे तोंड बाहेर काढावे लागते आणि तेवढ्यात एखादी लाट घशात जाते. पाहणे आणि श्वास घेणे ही एकाच वळणातली दोन वेगळी कामे आहेत, हे अंगात मुरले की निम्मे काम झाले.

त्या एका नजरेत सगळे दिसलेच पाहिजे, ही अपेक्षाही सोडावी लागते. डोळे पाण्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम १० सेंटीमीटर वर असतील, तर सपाट समुद्रातसुद्धा क्षितिज सुमारे १.१ किलोमीटरवर असते आणि अर्ध्या मीटरची लाट मध्ये आली की माणसाच्या उंचीचा बोयाही, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूणही, तिच्या आड जाते. म्हणून लाटेच्या माथ्यावर असताना पाहावे, खोलगटात असताना पाहून उपयोग नाही. आणि लाट आपल्याला उचलते आहे हे पाठीला कळते. पहिल्या नजरेत बोया दिसला नाही तर थांबून उभे राहू नये. दोन-तीन फटके मारून पुन्हा पाहावे. तीन नजरांचे तुकडे जोडून मनात एक चित्र तयार होते आणि तेवढे पुरते. मी साधारण आठ फटक्यांना एकदा पाहते. माझ्या गतीने तेवढ्यात सुमारे दहा मीटर पाणी मागे जाते. या दहा मीटरमध्ये दिशा १० अंशांनी चुकली तरी शरीर मार्गापासून पावणेदोन मीटरच बाजूला गेलेले असते, आणि एवढी चूक मी आनंदाने स्वीकारते. पाणी शांत आणि खूण ठळक असेल तर बारा फटकेही चालतात.

बोयापेक्षा बोयाच्या मागे काय आहे हे पाहणे अधिक शहाणपणाचे. पाण्यात उतरण्यापूर्वी किनाऱ्यावर उभे राहून पहिल्या बोयाच्या रेषेत दूरवर काय उंच आहे ते हेरून ठेवावे. डोंगराचा खांदा, मोबाईलचा टॉवर, देवळाचा कळस, माडांच्या रांगेतली एखादी मोकळी फट, काहीही चालते, फक्त ते बोयापेक्षा मोठे असावे आणि हलणारे नसावे. दोन खुणा एकामागे एक मिळाल्या तर फारच उत्तम. जवळची आणि लांबची खूण एका रेषेत दिसत असतील तर आपण मार्गावर आहोत. जवळची खूण लांबच्या खुणेच्या डावीकडे सरकलेली दिसली तर आपण उजवीकडे गेलो आहोत. बंदरात शिरणारी जहाजे याच तत्त्वावर येतात आणि मासेमार समुद्रातली आपली जागा किनाऱ्यावरच्या अशाच जोडखुणांवरून पुन्हा शोधून काढतात. एकाच खुणेकडे तोंड करून पोहणाऱ्याला आपण बाजूला वाहवत चाललो आहोत हे कळत नाही, कारण ती खूण कायम नाकासमोरच असते. दुसरी खूण मिळाली की हा भ्रम लगेच उघडा पडतो.

पश्चिम किनाऱ्यावर यात सूर्याचा एक नियम जमेस धरावा लागतो. सकाळी आपण किनाऱ्यापासून समुद्राकडे निघतो तेव्हा सूर्य पाठीशी असतो आणि नारंगी बोये उजळून दिसतात. परतताना तोच सूर्य माडांच्या शेंड्यांवरून थेट डोळ्यांत येतो, पाण्यावर चांदीचा पत्रा पसरतो आणि किनाऱ्याचे सगळे रंग नाहीसे होतात. जाताना ज्या खुणा पक्क्या केल्या त्या येताना निरुपयोगी ठरतात. तेव्हा परतीची खूण रंगावरून निवडू नये, आकारावरून निवडावी. उजेडाविरुद्धही काळी आकृती म्हणून ओळखू येईल अशी एखादी इमारत किंवा सुरूच्या बनाचे टोक हवे. गॉगलच्या काचा गडद असाव्यात, हे ओघाने आलेच. शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याच वेळी किनाऱ्यावर जाऊन सूर्य कुठून वर येतो ते पाहून ठेवणे, ही मला सर्वांत कमी कष्टाची आणि सर्वांत जास्त फळ देणारी तयारी वाटते.

इथवर मी शरीर आणि नजर यांविषयीच लिहिले, पण पाणी स्वतःही चालत असते हे मला चिवल्यावर एका वयस्कर रापणकराने दाखवले. रापण म्हणजे होडीतून समुद्रात अर्धगोलात सोडलेले आणि दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढले जाणारे मोठे जाळे. मालवणच्या पट्ट्यात ते ओढणाऱ्या माणसांचे संघ आहेत. त्या वयस्कर रापणकरांना सगळे तात्या म्हणतात, म्हणून मीही म्हणते. मी सरावासाठी नांगरून ठेवलेल्या एका होडीकडे तोंड करून पोहत होते आणि दर वेळी तिच्या दक्षिणेला जाऊन पोहोचत होते. तात्यांनी मला बाहेर बोलावले. तिथेच पडलेले नारळाचे एक सोडण त्यांनी उचलले, फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे भिरकावले आणि म्हणाले, “गो बाय, तू खय बघतंस ता रवांदे. पाणी तुका खय नेता, ता आदी बघ.” आम्ही दोघे उभे राहून त्या सोडणाकडे पाहत राहिलो. मागे नांगरलेल्या होडीशी त्याची तुलना करताच ते दक्षिणेकडे चालले असल्याचे दिसले; संथपणे, पण एकदाही न थांबता. मग त्यांनी बोटाने होडीच्या उत्तरेकडचा एक खडक दाखवला आणि तिकडे तोंड करून पोहायला सांगितले. तसे पोहले आणि होडीपाशी पोहोचले.

तात्यांनी जे हाताने दाखवले त्याचा हिशोब नंतर मी कागदावर मांडला. प्रवाह ताशी फक्त अर्धा किलोमीटर असेल, चालणाऱ्या माणसाच्या वेगाच्या दहाव्या हिश्शाइतका, तरी १०० मीटर पोहायला लागणाऱ्या दोन मिनिटांत तो पोहणाऱ्याला जवळजवळ १७ मीटर बाजूला नेतो. त्यावर मात करायची तर प्रवाहाच्या उगमाकडे सुमारे १० अंश तोंड वळवून पोहावे लागते. बोयाकडे तोंड ठेवून पोहणारा मात्र वाहवत जातो, पुन्हा बोयाकडे वळतो, पुन्हा वाहवत जातो आणि त्याची वाट शेवटी एका लांब कमानीची होते. शेवटचे काही मीटर तर त्याला प्रवाहाच्या विरुद्धच पोहावे लागते. शरीर ज्या दिशेला तोंड करते ती रेषा आणि शरीर प्रत्यक्षात ज्या वाटेने जाते ती रेषा वेगळ्या असतात, आणि सरळ असायला हवी ती दुसरी. तलावात ही गोष्ट शिकायला मिळूच शकत नाही, कारण तिथे पाणी उभे असते.

पाणी कधी कुठे जाणार हे ओळखण्यासाठी किनाऱ्यावरच्या माणसांकडे पिढ्यान् पिढ्यांचा हिशोब आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, जागेनुसार थोडाफार फरक धरून. रोज भरती सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते आणि एका भरतीपासून दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी येते, त्याचेच हे तोंडी कोष्टक. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती येते, पाणी जास्त चढते आणि तेवढेच जास्त उतरते, म्हणून ओढही जोराची असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते आणि पाणी त्या मानाने शांत राहते. मुंबईत उधाणाला पाणी ४ मीटरहून अधिक चढते-उतरते, तर गोव्यात हा फरक त्याच्या साधारण निम्मा असतो; पण मिरामार मांडवीच्या मुखाजवळ आहे आणि खाडीच्या तोंडाशी ओहोटीचे पाणी बाहेर पडताना ओढतेच. आयोजक शर्यतीची वेळ ठरवतात, चंद्र ठरवत नाहीत. त्यामुळे तारीख कळली की मी दिनदर्शिकेत पहिल्यांदा तिथी पाहते. वाऱ्याचेही तसेच. शाळेच्या भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे खरेखुरे भेटतात. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा किनाऱ्याजवळचे पाणी सपाट ठेवतो, दुपारी खारा वारा सुटला की तोंडावर लाटा येतात. सराव सकाळी करायचा तो यासाठी.

प्रवाहाचा हा धडा मोठमोठ्यांनाही चुकत नाही. इंग्लिश खाडीचे सर्वांत कमी अंतर सुमारे ३३ किलोमीटर आहे, पण भरती-ओहोटी पोहणाऱ्याला आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला नेत असल्यामुळे नकाशावर उमटणारी वाट वळणावळणाची असते आणि प्रत्यक्ष कापलेले अंतर त्याहून बरेच जास्त भरते. तिथे सोबतीला नाव असते आणि दिशा नावाडी सांभाळतो. पोहणाऱ्याने नावेच्या बाजूने पोहत राहायचे. पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ साली ओशन्स सेव्हन या सात सामुद्रधुन्या पूर्ण केल्या, तेव्हा त्यांच्या प्रत्येक पोहण्यात अशी नाव बरोबर होती. ट्रायथलॉनमध्ये नावाडी आणि पोहणारा एकच असतो. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये सेन नदीत ट्रायथलॉन झाले, तेव्हा प्रवाह जोराचा होता आणि जगातले सर्वोत्तम खेळाडू परतीच्या, प्रवाहाविरुद्धच्या टप्प्यात काठाच्या भिंतीला अगदी लगटून पोहताना सगळ्यांनी पाहिले. काठाशी पाण्याची गती कमी असते. नकाशावर लांबची दिसणारी ती वाट तिथे सर्वांत जवळची होती.

शर्यतीतल्या गर्दीविषयी फार लिहिण्यासारखे नाही. पुढच्याच्या पायांमागे राहून पोहणे नियमात बसते, त्याने शक्ती वाचते आणि चांगला जोडीदार मिळाला तर ती संधी सोडू नये. पण त्याच्यामागे आहोत म्हणून आपण पाहणे थांबवता कामा नये, कारण तोही दुसऱ्या कोणाच्या तरी पायांमागे असू शकतो. आणखी एक गोष्ट न सांगता पुढे जाणे मला बरोबर वाटणार नाही. समुद्रात एकटे कधीही उतरू नये, कमरेला बांधायचा तरंगता रंगीत फुगा बरोबर असावा, आणि किनाऱ्यापासून आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडलो तर सरळ किनाऱ्याकडे पोहण्याचा प्रयत्न न करता किनाऱ्याला समांतर पोहून आधी त्या ओढीतून बाहेर पडावे.

पोहून झाल्यावर मनगटावरच्या घड्याळातली वाट मोबाईलवर पाहता येते आणि मी ती दर वेळी पाहते. तिच्यातल्या बारीक नागमोडीवर मात्र मी फारसा भरवसा ठेवत नाही. पाण्याखाली उपग्रहाचा संकेत पोहोचत नाही, हात बाहेर आला तेवढ्या क्षणांत मिळालेल्या ठिपक्यांवरून घड्याळ रेषा जुळवत असते, त्यामुळे काही मीटरचे इकडे-तिकडे हे घड्याळाचे असू शकते. मोठी वळणे मात्र खरी असतात आणि ती कुठे पडतात हे पाहण्यासारखे असते. बोयापाशी पडलेले वळण गर्दीचे असते. संपूर्ण मार्गभर एकाच बाजूला पडलेली कमान प्रवाहाची असते, आणि जाताना व येताना ती जमिनीच्या हिशोबाने एकाच दिशेला झुकलेली दिसते. फटक्यातून आलेले वळण याच्या उलट वागते. ते पोहणाऱ्याच्या अंगाबरोबर फिरते. जाताना डावीकडे असेल तर येतानाही त्याच्याच डावीकडे असते. या एका फरकावरून दोष पाण्याचा की हाताचा, ते घरी बसून ओळखता येते.

माझ्या रेषेत आता पहिले दोन तृतीयांश अंतर चांगले जाते. शेवटच्या भागात, खांदे दमले की, डावा हात पुन्हा आत येऊ लागतो आणि तिथून रेषा माझ्या डावीकडे कलते, जाताना आणि येतानाही. म्हणून या पावसाळ्यात तलावात डोळे मिटून पोहण्याचा सराव मी सुरुवातीला न करता शेवटी, हजार-दीड हजार मीटर पोहून दमल्यानंतर, करते आहे. कोच लेनच्या टोकाशी उभे राहून डाव्या हाताकडे पाहतात आणि तो मध्यरेषेवर आला की फळी पाण्यावर आपटतात. ऑक्टोबरमध्ये पाणी निवळले की चिवल्यावर जाऊन तीच होडी, तोच खडक आणि भांगाच्या दिवसांतली सकाळ धरून पुन्हा रेषा काढून पाहायची आहे, आणि त्यानंतर एकदा मुद्दाम उधाणाच्या दिवशी, तात्या किनाऱ्यावर असताना.